व्यापाऱ्याची सही

नोटरी व्हायला नुसता कायदा पाठ असून भागत नाही. हा अर्जदार सचोटीचा आहे, याची चालचलणूक चांगली आहे, असं पाच जणांनी अर्जाखाली सही ठोकून सांगावं लागतं. एक मॅजिस्ट्रेट, एक सरकारी बँकेचा मॅनेजर, भागातली दोन प्रतिष्ठित माणसं आणि एक व्यापारी.

ॲडव्होकेट अक्षदा शिगवणने चार सह्या गोळा केल्या होत्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या चेंबरबाहेर तिने इतके हेलपाटे घातले होते की तिथला शिपाई तिला लांबून पाहिलं तरी नकारार्थी मान हलवायचा. बँकेचा मॅनेजर सही करतो करतो म्हणत बदलून गेला, मग नव्यापुढे पुन्हा पहिल्यापासून ओळखदेख. प्रतिष्ठित माणसांपैकी एकजण शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी सहीआधी तिच्याकडून नोटरीची कामं तोंडी वदवून घेतली. राहिली ती व्यापाऱ्याची. ती सगळ्यांत सोपी, कारण व्यापारी कोण ते तिने जाहिरात आली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मानपाड्याची बायजामावशी. मिरच्या-मसाले कुटून देणाऱ्या डंखाची मालकीण.

आता अर्ज द्यायची मुदत संपत आली, चारही सह्या झाल्या, आणि ही सोपी सहीच तेवढी पुढे सरकेना. सुशांत, तिचा नवरा, रोज विचारायचा, "अगं, मावशीकडे जाऊन आलीस का? पाच मिनिटांचं काम." अक्षदा म्हणायची, "मसाल्याचा सीझन आहे, तिला वेळ नाही." खरं म्हणजे बायजामावशीच्या समोर उभं राहायची अक्षदाची हिंमत होत नव्हती.

अक्षदाचे वडील महिपत शिगवण गुहागरकडचे. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. कंपनीतल्या रसायनांमुळे त्यांचे कपडे कितीही धुतले तरी वास मारायचे, म्हणून दोरीवर वेगळे वाळत पडायचे. मुलगी वकील झाली तेव्हा त्यांनी काळा कोट स्वतः इस्त्री केला होता. पुढची बारा वर्षं तिने कल्याणच्या कोर्टात काढली. भाडेकरूंची, पोटगीची, चेक परत गेल्याची कामं. रोज कुणाच्या तरी सहीसाठी कुणापुढे तरी उभं राहायचं. आता आपल्या नावाचा गोल शिक्का असावा, लोकांनी आपल्यापुढे येऊन उभं राहावं, असं तिला फार वाटत होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्या वाटण्यापायी तिच्या हातून जे झालं होतं, ते वाईट होतं.

बायजा हिरू काळण ही तिची सर्वांत जुनी पक्षकार. मानपाड्याची आगरी. बाप गेल्यावर भाऊ सीताराम याने बापाच्या घराची जागा एकट्याच्या नावावर करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बायजाने वाटणीचा दावा लावला. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली, जागेवर कुणी काही बांधायचं नाही. झालं, भावाचं दार बंद. भाच्याच्या हळदीला अख्खा मानपाडा नाचला आणि सख्खी आत्या आपल्या दारात मिरच्यांची देठं खुडत बसली. पण मावशी डगमगली नाही. प्रत्येक तारखेला यायची. नवं लुगडं, केसात अबोली, मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायची. कळायचं काही नाही, पण आपल्या नावाचा पुकारा झाला की ताडकन उभी राहायची आणि न्यायाधीशांना हात जोडायची. अक्षदा हळूच सांगायची, "मावशी, बसा." मावशी म्हणायची, "मंग? त्यांना कलाला नको, मी आयली हाय ते?"

त्या शुक्रवारी मात्र ती आली नव्हती. अक्षदानेच तिला फोन केला होता. "मावशी, उद्या नुसती तारीख आहे. तुमचा सीझन चाललाय, कशाला खाडा करताय? मी आहे ना."

अक्षदा नव्हती. अक्षदा ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये, नोटरीच्या मुलाखतीच्या मार्गदर्शन वर्गात पहिल्या रांगेत बसली होती. शिकवणारे गृहस्थ मोठे जाणकार. शिक्का केवढा असावा, रजिस्टर कसं ठेवावं, हुंडी नाकारली तर नोटरीने काय करावं, प्रतिज्ञापत्र घेताना समोरच्याला काय विचारावं, सगळं फोडून सांगत होते. अक्षदाने भराभर उतरवून घेतलं. मावशीच्या दाव्याची फाइल तिच्याच पिशवीत, खुर्चीखाली. त्या दिवशी मावशीच्या पुराव्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं आणि मागच्या तारखेला न्यायाधीशांनी 'शेवटची संधी' असं लिहून ठेवलं होतं. अक्षदाला ते माहीत होतं. तरी ती देवेशला, बाजूच्या टेबलावरच्या वकिलाला, सांगून आली होती, "पुकारा झाला तर पुढची तारीख माग. मागून घे काहीतरी करून." आणि मावशीला येऊ नका सांगितलं ते तिच्या सीझनसाठी नव्हे. मावशी आली असती तर 'वकील बाय कुठंय' म्हणून देवेशच्या मानगुटीवर बसली असती, म्हणून.

देवेश दुसऱ्या कोर्टात अडकला. पुकारा झाला. वादी नाही, वादीचा वकील नाही. सीतारामचा वकील मात्र हजर. दावा गैरहजेरीत काढून टाकला. मागच्या बाकावर एक बाई नुसती उभी राहून हात जोडती, तरी कदाचित तसं झालं नसतं.

वर्ग सुटल्यावर अक्षदाने फोन बघितला. देवेशचा मेसेज होता, 'ताई सॉरी, पोचलो तोवर उडाली.' नौपाड्यातल्या त्या रस्त्यावर ती किती वेळ उभी होती कोण जाणे. एक रिक्षावाला दोनदा विचारून गेला, "मॅडम, यायचंय का?"

उडालेला दावा परत लावता येतो. तीस दिवसांत अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं सबळ कारण सांगायचं, शपथेवर. एवढंच. पण कारण काय सांगायचं?

देवेशला त्यात काही अवघड वाटलं नाही. कोर्टाच्या कँटीनमध्ये वडा मोडता मोडता तो म्हणाला, "ताई, तू पण ना! कोर्टात रोज पडतात असे अर्ज. वादी आजारी होती. फिनिश. कल्याणात माझा ओळखीचा डॉक्टर आहे, सर्टिफिकेट देईल. व्हायरल लिहू. व्हायरलला कोणी हरकत घेत नाही."

"ती आजारी नव्हती पण."

"मग काय लिहिणार? वकीलबाई नोटरीच्या क्लासला गेलेल्या? उद्या तुझ्या इंटरव्ह्यूला कोणी तोच कागद पुढे ठेवला म्हणजे? सीतारामचा वकील कसला आहे माहितीये ना? शिवाय माझं पण नाव येणार त्यात. मावशी कुठे वाचतेय. तू सही कर म्हणालीस की करते ती."

हे शेवटचं खरं होतं, आणि तेच अक्षदाला टोचत राहिलं.

घरी सुशांत तिची तयारी घ्यायचा. तो एमआयडीसीतच लॅबमध्ये कामाला, स्वभावाने काटेकोर. कणीक मळता मळता तिला प्रश्न विचारायचा. पोळ्या त्याच्या, कायदा तिचा, अशी वाटणी होती.

"कलम आठ?"

"नोटरीची कामं. दस्त साक्षांकित करणं, शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं, हुंडी..."

"बरोबर. दहा?"

"नाव कमी करण्याची कारणं."

"कुठली?"

"फी भरली नाही तर. दिवाळखोर निघाला तर. चौकशीत... चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तर."

"कसलं गैरवर्तन?"

"तसं नेमकं लिहिलेलं नाही," अक्षदा म्हणाली. "ज्याने माणूस त्या कामाला नालायक ठरतो, तसलं."

"अगं, मग चिडतेस कशाला? उत्तर बरोबर आहे."

ती चिडली नव्हती. तिने पोळीवर तूप घेतलं, एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. सुशांतला तिने काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या पगारातून त्या वर्गाची फी गेली होती आणि तो कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला होता.

नोटरीच्या अर्जाच्या मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा अक्षदा मानपाड्याला गेली. पिशवीत दोन कागद. एक नोटरीचा अर्ज. दुसरं मावशीच्या आजारपणाचं प्रतिज्ञापत्र, इंग्रजीत, डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट. एका फेरीत दोन्ही सह्या, असा हिशेब. रिक्षात बसल्या बसल्या तिला स्वतःची किळस आली, पण रिक्षा काही तिने थांबवली नाही.

डंखावर रणधुमाळी चाललेली. लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली, हवेत लाल धूळ. तोंडाला पदर बांधून बायका आपापल्या मिरच्यांवर डोळा ठेवून बसलेल्या, हो, आपली बेडगी दुसरीच्या लवंगीत जायला नको. अक्षदा आत शिरली आणि ठसक्याने वाकडी झाली. बायजामावशी त्या धुरळ्यात देवीसारखी बसली होती, ना शिंक ना पाणी.

"ये गो बाय, बस! कनाला इतकी खोकतंस? सवय नाय ऱ्हायली. पानी दे गो तिला कोनीतरी."

अक्षदाने अर्ज काढला. कशाची सही ते सांगितलं. मावशी मोठ्याने हसली.

"मी व्यापारी? आमची आय बाजारात वालाच्या शेंगा विकाची, तिला नाय कोन व्यापारी बोल्ला. मी कवा झाले?"

"दुकानाचं लायसन आहे ना तुमच्या नावावर? मग झालात."

"आनि यात काय लिवलंय?"

"की... मी चांगली आहे. प्रामाणिक आहे. तुम्ही मला ओळखता."

"आवराच? याला सही कनाला पायजे, मी माइकवर सांगीन." मावशीने हात पदराला पुसले, एकदा पुसून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसले, आणि जिभेचं टोक दातात धरून एकेक अक्षर बसवत सही केली. बायजा हिरू काळण. मिरची कुटून घ्यायला आलेल्या बायका माना लांब करून बघत होत्या.

"कशाची सही गो, मावशे?"

"आमची वकील बाय नोटरी होतेय. सरकार मना विचारतंय, पोर कशी हाय? मी लिवून दिलं, सोना हाय!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. अक्षदाने डोळ्यांना रुमाल लावला. डंखावर रुमाल लावला तर कुणी का म्हणून विचारत नाही.

मग मावशी जवळ सरकली आणि आवाज खाली आणला. "बरी आयलीस. सीताराम दादूसनी बाच्या घराम्होरं वीट उतरवलीय. दोन टेम्पो आले काल. कोर्टाची मनाई हाय ना गो? मंग त्याला भ्या कसा नाय वाटत?"

 मनाई दाव्याबरोबरच गेली होती. सीतारामला ते वकिलाने सांगितलं असणारच. भावाबहिणीत बोलणं नाही, म्हणून तेवढं मावशीपर्यंत आलं नव्हतं.

"बघते मी," ती म्हणाली. "त्याचाच एक कागद आहे. कल्याणला यावं लागेल, शपथ घ्यायला. आज जमेल?"

"आज? मिरच्या बग किती पडल्यात." मावशीने भोवती पाहिलं, मग सुनेला हाक मारली. "ए, बस गो हितं. मी वकील बायबरोबर जातंय. तू बोलावलं नि मी नाय आली, असा झालाय का कवा?"

कल्याण कोर्टासमोर नोटरींना तोटा नाही. चहा थंड व्हायच्या आत शिक्का मारून मोकळे करणारे तिथे ढीगभर. देवेशने त्यांतल्या एकाचं नावही सांगून ठेवलं होतं. अक्षदाने मात्र मावशीला घेऊन जिना चढून गुरुदत्त टिपणिसांचं ऑफिस गाठलं. टिपणीस तिचे पहिले सीनियर, त्यांच्या हाताखाली ती काम शिकली. जो शपथ घेणार त्याला कागद मराठीत समजावून सांगितल्याशिवाय ते शिक्क्याला हात लावत नसत, म्हणून त्यांच्याकडे कधी गर्दी नसायची. तिथेच आपण का गेलो, हे अक्षदाने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

"या, या. काळणबाई ना? बसा," टिपणीस म्हणाले. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला. सर्टिफिकेट पाहिलं. मग मावशीकडे वळले. "बाई, यात असं लिहिलं आहे की त्या शुक्रवारी तुम्हांला सणसणून ताप होता, अंथरुणातून उठवत नव्हतं आणि त्यामुळे तुम्ही कोर्टात येऊ शकला नाहीत. हे खरं आहे का?"

मावशीने अक्षदाकडे पाहिलं. अक्षदा टेबलाच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर बघत होती.  मावशीला त्या क्षणात काय उमगलं देव जाणे, पण एवढं नक्की उमगलं की पोर कसल्यातरी अडचणीत आहे.

"हां साहेब," ती ठासून म्हणाली. "ताप म्हंजे कसला! आंग नुसता तव्यासारका. सुनेनी तीन गोधड्या घातल्या. पेज घशाखाली उतरं नाय. मी बोल्ले आता काय मी वाचत नाय."

"डॉक्टर कोण होते?"

"त्यो आमचा... गावातला."

सर्टिफिकेट कल्याणच्या डॉक्टरचं होतं. टिपणिसांनी चष्म्यावरून अक्षदाकडे बघितलं. रागावून नव्हे, नुसतं बघितलं. "अक्षदा, या बाईंची ओळख तू देते आहेस ना? इथे सही कर." आणि त्यांनी शिक्का पुढे ओढला.

"सर, थांबा," अक्षदा म्हणाली. "मावशींना ताप नव्हता."

"होता गो!" मावशीने टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला. "तू गप ऱ्हा. होता साहेब, तिला काय ठावं?"

"नव्हता, मावशी. तुम्ही डंखावर होतात. मीच तुम्हाला येऊ नका म्हटलं."

मग तिने सांगितलं. नौपाड्याचा वर्ग, शेवटची संधी, देवेश, पुकारा. मध्ये थांबली असती तर पुढचं आलंच नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. मावशी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू पाट्यासारखा सपाट होत गेला.

"म्हंजे केस गेली?"

"परत लावता येते. अजून मुदत आहे. त्यासाठीच हा..."

"नि मनाई?"

"ती पण गेली."

"म्हनून वीट," मावशी स्वतःशीच म्हणाली.  टिपणीस उठून खिडकीशी गेले आणि उगाच बाहेर बघत उभे राहिले.

"मी सगल्या तारखांना आयले," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पाय सुजले तरी आयले. येक तारीख नाय आयले. तीपन तू नको बोल्लीस म्हनून. मना वाटलं पोरीला माजी कालजी."

अक्षदाने मान खाली घातली.

"या केसपायी माजा माहेर तुटला. भाच्याच्या हलदीला मना कोनी बोलवलं नाय. सगले बोल्ले, बायजा, सोड ना, भाऊच हाय. मी बोल्ले नाय, माज्या बाचं हाय ते, नि माजी वकील बाय हाय. नि तू काय केलंस? माज्या तोंडानी ताप आनलास? बालंतपनाच्या आदल्या दिशी मी डंखावर होते गो. आनि मी पन मेली खोटा बोल्ले, तुज्यासाटी. साहेबांच्या तोंडावर."

"मावशी, चूक झाली."

"चूक पुकाऱ्याच्या दिशी झाली. आज तू मना रिक्षात घालून आनलीस, ती चूक नाय."

 अक्षदाने मावशीच्या नावाचं ते प्रतिज्ञापत्र फाडलं, सर्टिफिकेट फाडलं. टिपणिसांनी कोरे कागद पुढे ठेवले. तिने आपल्या हाताने नवं प्रतिज्ञापत्र लिहिलं, स्वतःच्या नावाचं. वादीला मी स्वतः येऊ नका असं सांगितलं. मी स्वतः त्या दिवशी ठाणे येथे नोटरी पदाच्या मार्गदर्शन वर्गास गेले होते. दोष माझा आहे, वादीचा नाही. देवेशचं नाव तिने घातलं नाही. फाइल तिची होती.

लिहून झाल्यावर टिपणिसांनी ते तिला वाचून दाखवलं. जसं कुणालाही दाखवतात तसंच, शब्दन् शब्द. "अर्जदार, यातला मजकूर समजला?"

"हो, सर."

"खरा आहे?"

"हो."

बारा वर्षांत तिने कितीतरी माणसं या खुर्चीत आणून बसवली होती. आपण बसल्यावर जीभ इतकी कोरडी पडते हे तिला माहीत नव्हतं. शिक्का उमटला.

"सकालचा कागद कुठंय?" मावशीने विचारलं.

अक्षदाला कळलं. तिने पिशवीतून नोटरीचा अर्ज काढला. मॅजिस्ट्रेटची सही, मॅनेजरची सही, मुख्याध्यापकांची सुंदर, वळणदार सही, आणि खाली मिरचीच्या बोटाचा पुसट डाग पडलेली मावशीची.

"माजी सही खोडायची हाय."

टिपणीस हळू आवाजात म्हणाले, "बाई, खाडाखोड झाली तर हा अर्ज असा नाही देता येणार. सगळ्या सह्या नव्याने घ्याव्या लागतील. मुदत परवाच संपते आहे."

"मंग संपू दे," मावशी म्हणाली, आणि अक्षदाकडे वळली. "नाय म्हनतंस तर ऱ्हाव दे. मी जबरदस्ती करत नाय."

अक्षदाने खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

मावशीने सहीवरून एक रेघ ओढली. सही करताना लावला होता तेवढाच वेळ लावून, जिभेचं टोक दातात धरून. मग पेनाला टोपण लावून ते परत केलं.

"केस तूच चालवाची," ती उठता उठता म्हणाली. "दुसऱ्या वकिलाला सगला पयल्यापासून सांगत बसाया मना ताकद नाय. पन तू चांगली हायस म्हनून मी सरकारला लिवून देनार नाय. आता जातंय. मिरच्या पडल्यात."

अक्षदा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. मावशीने तिला येऊ नको म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी तिने सुशांतला सगळं सांगितलं. कणकेचे हात तसेच धरून तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "उद्या अख्खा दिवस आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांना पुन्हा गाठू. आणि व्यापारी काय, खालचा झेरॉक्सवाला आहे की. तो न वाचता सही करेल."

"हो. तो न वाचता करेल," अक्षदा म्हणाली, आणि लाटणं स्वतः हातात घेतलं. पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या. नोटरीचा अर्ज गेला नाही. पुढची जाहिरात कधी निघेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. नातेवाइकांचे फोन येत राहिले, 'काय, झाली का नोटरी?', आणि प्रत्येक वेळी सुशांत फोन घेऊन गॅलरीत जायचा.

दावा परत लावण्याच्या अर्जावर सुनावणी झाली तेव्हा कोर्ट भरलेलं होतं. मावशी आली होती. या खेपेला मागच्या बाकावर नाही, अक्षदाच्या बरोब्बर पाठीशी. अबोली नव्हती माळलेली. पलीकडे सीताराम, नव्या पांढऱ्या शर्टात. न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्र चाळलं, पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"वकीलबाई, त्या दिवशी आपण नेमक्या कुठे होतात?"

"ठाण्यात, साहेब. नौपाड्यात. नोटरीच्या वर्गाला."

वकिलांच्या बाकांवर खसखस पिकली. सीतारामचा वकील उठला. "साहेब, आमची हरकत आहे. आमच्या विद्वान मैत्रीण नोटरी होण्यात गुंतल्या होत्या. त्याची शिक्षा आमच्या पक्षकाराने का भोगायची?" पुन्हा हशा. देवेश मागे कुठेतरी खाली बघत उभा होता.

न्यायाधीशांनी हात वर केला. "आणि वादीने का भोगायची?" ते म्हणाले. मग लेखनिकाकडे वळून सांगू लागले. वकिलांची कसूर गंभीर आहे. ती त्यांनी स्वतः शपथेवर कबूल केली आहे. वादीचा दोष दिसत नाही. दावा पुन्हा फाइलवर घेण्यात यावा. पुढील तारखेपर्यंत जागा आहे त्या स्थितीत ठेवावी.

'कसूर गंभीर आहे' हे शब्द टाइप होत असल्याचा आवाज अक्षदाला ऐकू येत होता. ते आता कायमचे त्या फाइलमध्ये राहणार होते, ती नोटरी झाली काय आणि न झाली काय. तिची मान वर होईना. बाकाच्या कडेवर कुणीतरी ब्लेडने आपलं नाव कोरलं होतं, ती तेच वाचत राहिली.

पाठीमागून मावशीचं बोट तिच्या काळ्या कोटात रुतलं.

"मान वर कर गो," मावशी कुजबुजली. "म्होरची तारीख सांगतायत. लिवून घे."